अडण्याची भीती आणि अर्धे ताट

गरोदरपणात वजन किती वाढावे, याचे उत्तर आज दवाखान्यात किलोंमध्ये मिळते. काटा नव्हता तेव्हाही उत्तर होतेच आणि ते पुष्कळ ठिकाणी ‘बेताने जेव’ असे होते. भारताच्या अनेक भागांत गरोदर बायका मुद्दाम कमी खातात, हे मोनी नाग यांनी १९९४ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त ठिकठिकाणच्या पाहण्यांच्या आधारे मांडले. अन्न आणि मूल पोटात एकाच जागी राहतात, पोट तट्ट भरले तर मुलाला जागा उरत नाही, आणि मूल फार वाढले तर बाई अडते, अशी कारणे बायका सांगत. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. लहानपणापासून अर्धपोटी राहिलेली, उंची खुंटलेली, कोवळ्या वयात पोटुशी झालेली मुलगी. तिची कंबरेची हाडे अरुंद, आणि पंचक्रोशीत शस्त्रक्रियेची सोय नाही. अशी बाई अडली की दोन-दोन दिवस कळा देऊन दगावते, हे सुईणींनी डोळ्यांनी पाहिलेले होते. मूल लहान राहिले तर निदान आई वाचेल, हा त्यांचा हिशेब होता. त्यातली शरीररचना चुकीची होती, पण भीती खरी होती.

हाच हिशेब युरोपातल्या शिकलेल्या डॉक्टरांनीही केला होता. मुडदुसाने कंबरेची हाडे वाकडी झालेल्या बायकांसाठी लुडविग प्रोखोव्हनिक या जर्मन डॉक्टरांनी १८८९ साली एक पथ्य सुचवले. शेवटच्या काही आठवड्यांत पातळ पदार्थ आणि पिष्टमय अन्न कमी करायचे, म्हणजे मूल लहानखुरे होईल आणि बाळंतपण सुटसुटीत होईल. सिझेरियन तेव्हा फार धोक्याचे होते, त्यामुळे यात निर्दयपणा नव्हता. पुढे तिकडे मुडदूस हटला, शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, तरी ताटावरचे बंधन सुटले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याला नवे कारण जोडले. जास्त वजन वाढले की रक्तदाब चढतो, झटके येतात, असे मानून कित्येक गरोदर बायकांना सात-नऊ किलोंच्या आत रोखले जाई. अखेर १९७० साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने पुरावे तपासले आणि सुमारे ९ ते ११ किलो वाढ योग्य ठरवली. मूळ कारण संपल्यावरही नियम कितीतरी वर्षे टिकला, आणि तोही शास्त्राच्या नावावर. मग खेड्यातल्या सासूलाच बोल का लावावा?

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे तर गर्भारशीचे कोडकौतुकच होत आले आहे. ते खोटे नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात महिनावार आहार दिला आहे, त्यात दूध, लोणी, तूप आहे. पाचव्या महिन्यात गर्भाचे मांस आणि रक्त वाढते म्हणून आई कृश होते, असेही तिथे नोंदवले आहे. गर्भारशीची इच्छा अपुरी ठेवली तर गर्भाला बाधा होते, असे सुश्रुत आणि याज्ञवल्क्यस्मृती दोघेही सांगतात. डोहाळजेवण याच विचारातून आले: हिरवी साडी, फुलांची वाडी, आवडीचे पदार्थ, ओटी. पण हे सगळे बहुधा सातव्या महिन्यात आणि एका दिवसापुरते. दुसऱ्या दिवसापासून तीच सून सर्वांची पाने वाढून शेवटी जेवायला बसे आणि उरलेसुरले खाई. ग्रंथातले दूध-तूप ज्यांच्या घरी दुभते होते त्यांचे. डोहाळे पुरवण्याच्या प्रथेत शहाणपण नक्कीच होते, पण रोजच्या पंगतीचा क्रम बदलण्याइतके बळ तिच्यात नव्हते.

पंगतीचा आणि कष्टांचा हा परिणाम पुण्याजवळच्या सहा गावांत मोजला गेला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून तिथल्या बायकांची पाहणी केली. दिवस जाण्यापूर्वी त्यांचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. बाळे सरासरी २.७ किलोंच्या जवळपास भरली. अठराव्या आठवड्यापेक्षा अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहार वाढायला हवा, तो उलट किंचित घटलेला आढळला. एकूण उष्मांकांचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. दूध, फळे आणि पालेभाज्या अधिक वेळा खाणाऱ्या बायकांची बाळे मात्र मोठी होती. शेतातली आणि घरातली जड कामे ज्यांच्या वाट्याला जास्त आली, त्यांची बाळे लहान होती. म्हणजे नुसते भात-भाकरी वाढवून भागत नाही. ताटात काय आहे आणि डोक्यावर किती भार आहे, हे दोन्ही पाहावे लागते.

आता आक्षेप शहरातून येतो. ‘दोन जिवांचे खा’ म्हणत भरवल्यामुळे वजन भरमसाट वाढते, गरोदरपणात मधुमेह होतो, तेव्हा जुनी बंधनेच बरी. वजन बेसुमार वाढू नये, हे मान्यच आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली बारीक स्त्रीसाठी १२.५ ते १८ किलो, तर लठ्ठ स्त्रीसाठी ५ ते ९ किलो अशी वेगवेगळी वाढ सांगितली, कारण सुरुवात कुठून होते यावर सगळे अवलंबून असते. पण याज्ञिकांच्याच पाहणीत जन्मतः लहान असलेल्या बाळांच्या अंगात मांस कमी आणि चरबी त्यामानाने टिकून असलेली दिसली. पुढच्या मधुमेहाची बीजे अशा बाळांतही असतात. म्हणून उपासमार हा मधुमेहावरचा उतारा होऊ शकत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६पासून झालेल्या ‘सरस’ प्रकल्पात बायकांना पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला, तोही दिवस जाण्याच्या आधीपासून. त्या गटात गरोदरपणातला मधुमेह कमी झाला. निदान तीन महिने आधीपासून खाऊ मिळालेल्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. सर्वांत बारीक बायकांच्या बाळांत मात्र हा फायदा दिसला नाही. सातव्या महिन्यातल्या ताटाने किंवा तीन महिन्यांच्या खाऊने त्यांची वर्षानुवर्षांची तूट भरून निघाली नाही. ती शाळकरी वयात, वाढीच्या दिवसांत पडलेली होती.