जुन्या टोळीचा रणगाडा

रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांना जर्मनीच्या माउसचं भारी वेड. नावाने उंदीर आणि वजन १८८ टन. त्याचे तयार किट मिळतात, रंगवायचे नमुने मिळतात, आणि शेवटी सगळ्यांचा माउस एकसारखा दिसतो. मला तो कधी करावासा वाटला नाही. मी केला तो इंग्रजांचा टीओजी २. लांबीला जवळपास माउसएवढाच, १०.१ मीटर, पण वजन ८० टन. लढाईत एकदाही उतरला नाही. पुस्तकांत त्याच्यावर एखादा परिच्छेद असतो, तोही बहुतेक चेष्टेचा.

३५ पटींनी लहान केला की तो २८.९ सेंटिमीटर लांब आणि ८.९ सेंटिमीटर रुंद होतो. सांगाडा उभा राहिला तेव्हा आमच्या सौ.नी चष्मा वर करून विचारलं, "हा रणगाडा आहे की लोकलचा डबा?" प्रश्न चुकीचा नव्हता. टीओजीच्या पोटात जे आहे ते खरोखर रेल्वेचंच आहे, आणि मी त्याच्या नादी लागलो तेही त्यामुळेच.

माझी नोकरी कल्याणच्या डिझेल शेडमध्ये इलेक्ट्रिकलच्या बाजूला झाली. कळव्याहून गाडी पकडायची, दिवसभर डब्ल्यूडीएम-२ च्या मोटरींशी झटापट करायची. लोकांना वाटतं डिझेल इंजिन म्हणजे ट्रकसारखं, इंजिनाने गिअर फिरवला आणि गिअरने चाक. तसं नसतं. डब्ल्यूडीएम-२ चं २६०० हॉर्सपॉवरचं इंजिन चाकाला हातही लावत नाही. ते फक्त जनरेटर फिरवतं. जनरेटरची वीज सहा ट्रॅक्शन मोटरींना जाते आणि ११२.८ टनांचं धूड त्या मोटरी ओढतात. मधे गिअरबॉक्स नाही, क्लच नाही. टीओजीतही हेच. पॅक्समन-रिकार्डोचं बारा सिलिंडरचं ६०० हॉर्सपॉवरचं डिझेल, त्यावर दोन जनरेटर, आणि प्रत्येक बाजूच्या पट्ट्याला स्वतंत्र मोटर. वळायचं असेल तेव्हा एका बाजूला वीज जास्त द्यायची, दुसऱ्या बाजूला कमी. १९४१ साली ८० टनांच्या गाडीला इतकं सुबक वळवायची कल्पना वाचली तेव्हा मला त्या माणसांची नावं पाहिजे झाली.

नावं सापडली ती सगळी आधीच्या महायुद्धातली. सर विल्यम ट्रिटन हे लिंकन गावच्या विल्यम फॉस्टर आणि कंपनीचे प्रमुख. ही कंपनी मूळची मळणी यंत्रं आणि वाफेची ट्रॅक्टर इंजिनं करणारी. वॉल्टर विल्सन गिअरमधला माणूस. १९१५ च्या उन्हाळ्यात या दोघांनी लिंकनच्या व्हाइट हार्ट हॉटेलातल्या एका खोलीत बसून आराखडे काढले. सप्टेंबरपर्यंत लिटल विली उभा राहिला आणि पुढच्या जानेवारीत त्याचा मोठा भाऊ मदर. २ फेब्रुवारी १९१६ ला हॅटफील्ड पार्कात किचनर आणि लॉइड जॉर्ज यांच्यासमोर चाचणी झाली. १५ सप्टेंबरला सोमच्या रणांगणावर रणगाडा पहिल्यांदा शत्रूवर चालून गेला. मळणी यंत्रांच्या कारखान्यातून वर्षभरात युद्धाचं नवं हत्यार निघालं, याचं मला अजूनही नवल वाटतं. आपल्याकडे अशा कारखान्यात आधी टेंडर निघालं असतं.

गुप्तता राखायला कारखान्यात सांगितलं होतं की या मेसोपोटेमियासाठी पाणी वाहायच्या टाक्या आहेत. काहींच्या अंगावर रशियन लिपीत 'पेट्रोग्राडला, सांभाळून' असंही रंगवलं होतं. हे वाचताना मराठी माणसाच्या मनात वेगळंच येतं. लिंकनमध्ये ही थाप चालू होती त्याच महिन्यांत खऱ्या मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे शिपाई अडकून पडले होते. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. दाणागोटा संपत आलेला, घोड्याचं मांस खायचं की नाही यावर आपल्या शिपायांची घालमेल. त्यांच्या नावावर जे काही लिंकनहून निघणार म्हणत होते, ते त्यांच्यापर्यंत पोचायचंच नव्हतं. तेच १९१६ साल आमच्या कळव्यामागच्या पारसिक बोगद्याचं. सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा त्या वर्षी सुरू झाला. युद्ध चालू असतानाही इकडचं काम थांबलं नाही, याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं.

पुढे १९३९ चा सप्टेंबर आला आणि पुन्हा युद्ध. ब्रिटिश सरकारने विशेष वाहनांसाठी एक समिती नेमली. अध्यक्ष सर आल्बर्ट स्टर्न, मूळचे बँकवाले. सोबत ट्रिटन, विल्सन, पहिल्या युद्धात रणगाड्याची कल्पना रेटणारे स्विंटन, जहाजबांधणीतले टेनिसन डी'एनकोर्ट, इंजिनवाले हॅरी रिकार्डो. ट्रिटन ६४ वर्षांचे, विल्सन ६५, स्विंटन आणि डी'एनकोर्ट सत्तरीचे. लोक त्यांना 'दि ओल्ड गँग' म्हणू लागले, जुनी टोळी, आणि त्याच तीन अक्षरांनी त्यांच्या रणगाड्याचं नाव पडलं. साठीला निवृत्त केलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर सगळा घोटाळाही तिथेच आहे.

या मंडळींना काम काय दिलं? फ्रान्समध्ये पुन्हा खंदकांचं युद्ध होईल असं धरून, तोफांनी उखणलेल्या चिखलातून जाणारी, रुंद खंदक ओलांडणारी, जाड चिलखताची गाडी करा. खंदक ओलांडायचा म्हणजे गाडी लांब पाहिजे, निम्मं अंग पलीकडे टेकेपर्यंत उरलेलं अंग अलीकडे तोललेलं राहिलं पाहिजे. रुंदी मात्र वाढवायची सोय नव्हती, कारण रणगाडे न्यायचे रेल्वेने आणि इंग्लंडच्या रेल्वेची मापं चिंचोळी. आम्हा रेल्वेवाल्यांना हे लगेच कळतं. फलाट आणि पूल माणसाचं ऐकत नाहीत. मग लांबीच वाढते. आणि लांब, चिंचोळी गाडी पट्ट्यांवर वळवायची म्हणजे पट्टे जमिनीवर आडवे फरपटतात. १९१८ साली हिंडेनबर्ग लाइनचे खंदक ओलांडायला मार्क ५ रणगाडा सहा फुटांनी लांबवला होता, तेव्हाही तो वळताना असाच अडत होता. हे विल्सनपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार?

म्हणून वीज. यातली गंमत अशी की मार्च १९१७ मध्ये बर्मिंगहॅमजवळ ओल्डबरीला वेगवेगळ्या गिअरव्यवस्थांची स्पर्धा झाली होती. त्यात पेट्रोल-इलेक्ट्रिक गाडीही होती आणि विल्सनच्या एपिसायक्लिक गिअरने तिला आणि बाकी सगळ्यांना मागे टाकलं. म्हणजे ज्याने विजेला हरवलं तोच तेवीस-चोवीस वर्षांनी विजेच्या बाजूला येऊन बसला, कारण ८० टनांना पुरेल असा भरवशाचा गिअरबॉक्स तेव्हा तयार नव्हता. स्वतःच्या जुन्या विजयाला इतकं सहज बाजूला ठेवणारा इंजिनिअर मी आमच्या शेडमध्ये फारसा पाहिला नाही.

पहिला टीओजी १ ऑक्टोबर १९४० मध्ये लिंकनच्या त्याच कारखान्यातून बाहेर पडला. वर माटिल्डा रणगाड्याचं टरेट, म्हणजे फिरता बुरूज, उसना घेतलेला. तोवर मे महिन्यात जर्मनांनी आर्देनच्या जंगलातून येऊन फ्रान्स निकालात काढलं होतं. खंदक खणायला कोणाला वेळच मिळाला नाही. टीओजी १ ची विद्युत यंत्रणा त्रास देऊ लागली, मग ती काढून हायड्रॉलिक बसवली. टीओजी २ मार्च १९४१ मध्ये चालला. तिकडे खंदकांच्याच विचारातून सुरू झालेला दुसरा आराखडा बदलत बदलत चर्चिल रणगाडा झाला. तो आखूड, कमी वजनाचा, आणि त्याला मेरिट-ब्राउनचा नवा गिअरबॉक्स मिळाला. टीओजीचं दुकान तिथेच उठलं.

तरी ट्रिटन मंडळी थांबली नाहीत. टीओजी २ ला टॉर्शन बारचे आधार बसवले आणि १७ पौंडी तोफ चढवली. ही तोफ बसवलेला तो पहिला ब्रिटिश रणगाडा. मे १९४३ मध्ये चाचणी झाली तेव्हा ट्युनिशियात जर्मनांचा टायगर रणगाडा नुकताच इंग्रजांच्या हाती लागला होता आणि टायगरला भेदायला हीच तोफ लागणार होती. त्या तोफेसाठी केलेल्या टरेटचा उपयोग पुढे चॅलेंजर रणगाड्याच्या कामात झाला. चेष्टा करणारे हे सांगत नाहीत.

मॉडेलसाठी तयार किट न घेता सुरुवातीपासून करायचं ठरवलं. ठरलेली मापं तीन-चार, बाकी सगळं फोटोवरून. लांबी माहीत असली की फोटोचा झेरॉक्स हव्या त्या टक्क्यांवर काढून घ्यायचा आणि पट्टीने मोजत सुटायचं. अंग पॉलिस्टायरीनच्या शीटचं, आतून आडव्या भिंती, नाहीतर एवढी लांबी उन्हाळ्यात पिळते. रिव्हेटची डोकी सुईच्या मागच्या टोकाने पातळ शीटवर उलट्या बाजूने दाबून. कडेची दारं वेगळी कापून बसवली. खरी मेहनत पट्ट्यांची. एक कडी नीट घासून, कानशीने कडा मोडून, तिच्यावर सिलिकॉन रबराचा साचा ओतला आणि त्यात रेझिन. रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे राहतात, कडीला खड्डे पडतात. त्यावर उपाय खारेगावातल्या आमच्या मोटर वाइंडरने सांगितला. तो जुनी मोटर गुंडाळून झाली की चाचणीला बैठकीवर लावतो, ती थरथरते. "काका, साचा इथे ठेवा," म्हणाला. ठेवला. थरथरीने बुडबुडे वर येऊन फुटले आणि कड्या काचेसारख्या साफ निघाल्या. मग त्याने टीओजीची हकीकत ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा की मोटरींना थंड हवा कुठून देत होते. ज्यांनी टीओजीवर विनोद केले त्यांच्यापैकी कोणी हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

तोफेची नळी विटाव्याच्या एका लेथवाल्याकडून पितळेची कातून घेतली. खऱ्या नळीची लांबी ७६.२ मिलिमीटरच्या ५५ पट, म्हणजे ४.१९ मीटर, मॉडेलमध्ये १२ सेंटिमीटर. त्यातला बराच भाग टरेटच्या आत जातो.

ही तोफ डोळ्यांनी बघायची होती म्हणून कल्याण-नगर एसटीने माळशेज घाटातून नगरला गेलो. तिथे आर्मर्ड कोअरचं रणगाडा संग्रहालय आहे, १९९४ सालचं. बघणारे पॅटन आणि विजयंताभोवती जमतात. मी आर्चरपाशी थांबलो. व्हॅलेंटाइन रणगाड्याच्या धडावर १७ पौंडी तोफ, तीही मागे तोंड करून. वही काढून नळीची जाडी कुठे बदलते, बुडाशी कशी येते, हे काढून घेतलं. माटिल्डाही तिथे आहे, आणि तिच्या टरेटची चिलखती ओतकामाची गोलाई पाहताना टीओजी १ च्या डोक्यावर हे ठेवलं तर कसं दिसत असेल ते लक्षात आलं. फार छोटं. धडाच्या लांबीपुढे ते हरवून जातं. चर्चिलही पाहिला, जो जिंकला तो. त्याचे पट्टे आजही पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यासारखे अंगाच्या वरून फिरतात. म्हणजे जुन्या टोळीचं वळण जिंकणाऱ्यातही शिल्लक राहिलंच.

मला जे म्हणायचंय ते एवढंच की टीओजी वाईट केलेला रणगाडा नाही. तो चुकीच्या प्रश्नाचं चोख उत्तर आहे. शेडमध्ये असे प्रसंग वर्षानुवर्षं पाहिले. वरून कागद येतो, अमुक दोष अमुक पद्धतीने दुरुस्त करा. काम उत्तम होतं, इंजिन परत बिघडतं, आणि मग शिव्या बसतात त्या हाताने काम करणाऱ्याला. कागद लिहिणारा तोवर बदली होऊन गेलेला असतो. १९३९ साली फ्रान्समध्ये पुन्हा खंदकच असतील असं ठरवलं ते एकट्या या म्हाताऱ्यांनी नव्हे. पण त्यांनी 'हे युद्ध तसं नसेल' असं म्हणायला हवं होतं का? म्हणायला हवं होतं. रणगाडा शोधून काढणाऱ्यांचं सरकारने कदाचित ऐकूनही घेतलं असतं. तेवढा दोष मी त्यांच्या पदरात टाकतो, त्याहून जास्त नाही.

टीओजी २ आज इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयात लिटल विलीही आहे. दोन्ही एकाच गावातले, एकाच कारखान्यातले, मधे पंचवीस-सव्वीस वर्षं आणि दोन्हींवर ट्रिटन यांची सही. आमच्या शोकेसमध्ये आता टीओजीशेजारी लिटल विली पाहिजे असं नातवाचं म्हणणं आहे. मी मात्र आधी टीओजी २ आर घेतलाय. टीओजी २ लाच सहा फुटांनी आखूड करून, कडेच्या तोफांचे कोनाडे काढून टाकून सुधारायची ती योजना होती. कागदावरच राहिली, त्यामुळे फोटो नाही, संग्रहालय नाही. सहा फूट म्हणजे मॉडेलमध्ये ५.२ सेंटिमीटर. ते पुढून कापायचे की मधून, यावर वाइंडर आणि मी अजून भांडतोय. तो म्हणतो मधून, म्हणजे वजनाचा तोल बिघडणार नाही. माझं म्हणणं, मधून कापलं तर जनरेटर कुठे बसवणार ते आधी सांग.