नदीकाठच्या अस्थी आणि त्यांचे घर

दापोडीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा दोन प्रसंगी भेटते. 5 नोव्हेंबर 1817 रोजी कॅप्टन फोर्ड येथील पलटण घेऊन खडकीच्या लढाईत इंग्रजांस जाऊन मिळाला, हा एक. आणि पुढे त्याच फोर्डच्या बंगल्याभोवती सरकारने वनस्पतींचे उद्यान वाढविले, हा दुसरा. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्या उद्यानाचे अधीक्षक. त्यांनी एका एतद्देशीय चित्रकाराकडून 1847 ते 1850 च्या सुमारास तेथील वनस्पतींची जी चित्रे काढविली, ती एडिंबरोस आजही सुखरूप आहेत. चित्रे राहिली, उद्यान मात्र गेले.

महाराष्ट्रातील प्राचीन सस्तन प्राण्यांच्या अश्मीभूत अस्थींची गतही काहीशी अशीच आहे. अस्थी संग्रहालयात पोहोचतात. ज्या दरडीने त्या सहस्रावधी वर्षे सांभाळल्या, ती दरड राहत नाही. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अर्धी किंमत त्या दरडीचीच आहे.

आपला देश काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्ह्यात हत्ती-बैलांचे सांगाडे शोधणे व्यर्थ होय. ते सापडतात नद्यांनी मागाहून आणून टाकलेल्या गाळात, चुन्याने सांधल्या गेलेल्या वाळूगोट्यांच्या थरांत. पैठणनजीक मुंगी येथे 1865 साली वाईन नावाच्या भूवैज्ञानिकास गोदावरीच्या अशाच थरात अकीकाचे एक घडीव छिलके मिळाले, आणि त्याच थरात लुप्त प्राण्यांच्या अस्थीही होत्या. दोनच वर्षांपूर्वी, 1863 त, ब्रूस फूटने मद्रासजवळ पल्लावरम येथे पहिले अश्मायुध उचलले होते. मद्रासच्या दगडाने या देशात प्राचीन मानव होता एवढे सांगितले; मुंगीच्या छिलक्याने तो कोणत्या पशूंच्या सोबतीने राहिला हे सुचविले. एकच दगड, पण शेजारी हाड होते म्हणून त्यास वाचा फुटली. पुढे नांदूर-मधमेश्वर येथे प्रचंड हत्तीचे अवशेष निघाले व 1905 साली पिलग्रिम याने त्यांवर निबंध लिहिला. नर्मदेच्या नावाने ओळखला जाणारा हा हत्ती आजच्या हत्तीहून पुष्कळच थोराड होता. मांजरेच्या खोऱ्यात तर पाणघोड्याचेही अवशेष मिळाले आहेत. ज्या मराठवाड्यात आज टँकरची वाट पाहावी लागते, तेथे पाणघोडे डुंबत होते, ही गोष्ट शाळेतल्या मुलास कोणी सांगत नाही!

दरडीची किंमत का, याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. दापोडीस पवना ज्या मुळेला मिळते, तिचे पाणी पुढे भीमेत जाते. आणि जुन्नरकडून येणारी कुकडी घोडनदीच्या वाटेने त्याच भीमेस मिळते. त्या कुकडीच्या काठी बोरी येथे 1980 नंतरच्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ज्वालामुखीच्या राखेचा थर व त्याच्या सान्निध्यातील अश्मायुधे प्रकाशात आणली. राखेचे वय कोणी 14 लक्ष वर्षे ठरविले. कोणी म्हणाले, ही सुमात्रातील तोबा ज्वालामुखीची सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीची राख. केवढे हे अंतर! वाद करणाऱ्यांना पुनःपुन्हा त्याच दरडीपाशी जाऊन नवे नमुने घ्यावे लागले. पेटीत ठेवलेल्या दाताच्या वा हाडाच्या बाबतीत असा वाद उत्पन्न झाला आणि त्याचा थर नाहीसा झालेला असला, तर दाद कोणाकडे मागावी?

आणि थर नाहीसे होत आहेत. पुणे-पिंपरीच्या इमारतींसाठी भीमा-घोडच्या पात्रांतील वाळू वर्षानुवर्षे उपसली गेली. काठची माती वीटभट्ट्यांत गेली. शहराजवळच्या काठांवर राडारोड्याचा भराव पडला. कोणी दुष्टपणाने हे केले असे नाही. घर सर्वांसच हवे असते. परंतु 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात लेणी, शिल्पे, शिलालेख यांची नावे येतात, अश्मीभूत हाडाचे येत नाही. खाण मंत्रालयाने 2022 साली भूवारशाच्या रक्षणार्थ एका विधेयकाचा मसुदा पुढे ठेवला, तेव्हा सर्व अधिकार एकाच सरकारी खात्याच्या हाती जातात म्हणून काही भूवैज्ञानिकांनीच त्यास हरकत घेतली. ती अगदीच निराधार नव्हती.

नांदूर-मधमेश्वरचे उदाहरण मात्र मौजेचे आहे. तेथील जलाशय पक्ष्यांचे अभयारण्य असून 2020 साली त्यास रामसर क्षेत्राचा मान मिळाला. महाराष्ट्रात असा मान मिळणारे ते पहिलेच. हा मान पाहुण्या पक्ष्यांमुळे मिळाला. तेथेच राहून गेलेल्या हत्तीचा त्यात काही वाटा नाही. जर्मनीत मेसेल येथील खाणीत सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या घोड्यांचे सबंध सांगाडे मिळत; तरी तेथे कचरा टाकण्याचे ठरले होते. नागरिक वर्षानुवर्षे भांडले, हेसे राज्याने 1991 साली ती जागा विकत घेतली आणि 1995 साली ती जागतिक वारसा ठरली.

आपल्याकडे सबंध नदीस कुंपण घाला असे कोणी म्हणत नाही. मुंगी, नांदूर, बोरी अशा ठिकाणी शे-दोनशे हात दरड मोजून तिची नोंद गावच्या दप्तरी करावी. तेथून वाळू वा माती नेण्याचा परवाना देऊ नये. आणि बंधारा वा विहीर खणताना हाड निघाल्यास ते जागचे न हलविता तलाठ्यास वा शिक्षकास कळवावे, एवढे गावकऱ्यांस समजावून द्यावे. शे-दोनशे हातांस खर्च तो कितीसा? बोरीच्या राखेचे पुढचे नमुनेही कुकडीच्या त्याच काठावरून काढावे लागणार आहेत.