शवरक्षक द्रव आणि दोन कायदे

मृतदेह टिकविण्याची विद्या प्राचीन आहे. परंतु ज्या द्रवाच्या आधारे आज वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र शिकविले जाते, त्याचा इतिहास सुमारे एकशेतीस वर्षांहून फारसा मागे जात नाही. या इतिहासास दोन बाजू आहेत : एक मृतदेहाच्या रक्षणाची आणि दुसरी तो देह हाताळणाऱ्या जिवंत माणसाच्या रक्षणाची. आपल्याकडे कायद्याने पहिल्या बाजूची दखल प्रथम घेतली. दुसरीची पुष्कळ उशिरा, आणि तीही अपुरी. ही विषमता कशी निर्माण झाली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले, तेव्हा फॉर्मॅलिन अस्तित्वात नव्हते. रोहिण्यांतून द्रव भरून देह टिकविण्याची रीत अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम हंटर याने प्रचारात आणली होती. पण भरावयाचा द्रव कोणता, हा प्रश्न सुटला नव्हता. मद्यार्क महाग पडे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिकांचे देह घरी पाठविण्यासाठी सोमलयुक्त द्रव वापरले गेले. परंतु सोमलामुळे विषप्रयोगाचा पुरावा संदिग्ध होतो आणि हाताळणाऱ्यासही बाधा होते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी तो मागे पडला.

त्याची जागा फॉर्माल्डिहाइडने घेतली. रशियन रसायनशास्त्रज्ञ बुटलेरोव्ह याने १८५९ साली या पदार्थाचे वर्णन केले होते. पुढे हॉफमन याने त्याची ओळख निश्चित केली. १८९३ साली जर्मनीत फर्डिनांड ब्लूम हा जंतुनाशक म्हणून त्याची परीक्षा करीत असता, त्याच्या स्वतःच्याच बोटांची त्वचा कठीण झालेली त्यास आढळली. ऊतक टिकविण्याचा हा गुण प्रथम प्रकट झाला तो जिवंत माणसाच्या कातडीवर, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. या द्रवाचा गुण आणि त्याचा धोका मुळात एकच आहेत.

हे कसे, ते त्याच्या कार्यावरून स्पष्ट होते. मृत्यूनंतर पेशींतील विकरे पेशींनाच पचवू लागतात आणि सूक्ष्मजंतू वाढू लागतात. फॉर्माल्डिहाइडचा लहान रेणू प्रथिनांतील अमिनो गटांशी संयोग पावतो आणि शेजारच्या प्रथिनशृंखला जणू पुलांनी एकमेकींस जखडून टाकतो. त्यामुळे विकरे निकामी होतात, जंतू मरतात आणि ऊतक ताठर होते. शवरक्षक द्रवात फॉर्मॅलिन, म्हणजे या वायूचे शेकडा ३७ ते ४० प्रमाणाचे जलीय द्रावण, यासोबत बहुधा फिनॉल, ग्लिसरीन, मद्यार्क व पाणी असते. मांडीच्या किंवा मानेच्या रोहिणीतून ते भरतात.

मात्र प्रथिन मृताचे की जिवंताचे, हा भेद रेणूस ठाऊक नसतो. डोळ्यांची जळजळ, घशाची खवखव, त्वचादाह व दमा हे परिणाम दीर्घकाळ परिचित आहेत. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यास मानवी कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात घातले. नासाग्रसनीच्या कर्करोगाचा पुरावा हा त्याचा आधार होता. पुढे २००९ साली रक्तकर्करोगाशी असलेला संबंधही मान्य झाला.

आता कायद्याकडे वळू. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस देह वैद्यकीय संस्थांना मिळण्याची वैध व्यवस्था केली. देह कोणी द्यावा, कोणास द्यावा, हे त्यात आहे. विच्छेदनगृहातील हवेविषयी त्यात शब्द नाही. दुसरीकडे, १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली दुरुस्ती होऊन कामाच्या जागेतील रासायनिक पदार्थांच्या मर्यादांची अनुसूची आली आणि फॉर्माल्डिहाइडचा तीत समावेश झाला. परंतु तो अधिनियम उत्पादनप्रक्रिया चालणाऱ्या जागेस लागू होता. विच्छेदनगृहात उत्पादन होत नाही.

या दोन कायद्यांमधील पोकळी कळंबोलीच्या नकाशावर सहज दिसते. एका अंगास तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास कामोठे येथील, १९८९ साली सुरू झालेले महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय. येथे कोणत्याही संस्थेच्या व्यवहाराविषयी विधान करावयाचे नाही. मुद्दा कायद्याच्या रचनेचा आहे. तोच वायू कारखान्यात श्वासावाटे गेला, तर त्यास मर्यादा होती. विच्छेदनमेजावर ओणवलेल्या विद्यार्थ्याच्या किंवा टाकीतून देह काढणाऱ्या सेवकाच्या श्वासास त्या अनुसूचीचे संरक्षण नव्हते. विद्यार्थी वर्षभराने त्या दालनातून बाहेर पडतो. सेवक मात्र सारी नोकरी तेथेच काढतो.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ‘कारखाना’ या शब्दापलीकडे जाऊन ‘आस्थापना’ ही व्यापक संज्ञा स्वीकारली आहे. तेव्हा जुन्या व्याख्येची सबब आता पुरेशी नाही. मेजाखालून हवा खेचणारी योजना, हवेचे नियमित मापन, योग्य हातमोजे आणि कमी फॉर्मॅलिनचे द्रव हे उपाय परिचित आहेत. बेवारस मृताची नोंद कायद्याने केली. त्याची राखण करणाऱ्या जिवंत माणसाची नोंद त्याच काटेकोरपणे होणे, हे या इतिहासाचे अपुरे राहिलेले प्रकरण होय.