फुरीताचं कूळ

टोकियोतल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात गल्ल्यावर तिघं पाळीपाळीनं उभी राहतात. काम एकच. पण कॉलेजात शिकणारा पोरगा म्हणजे ‘बाइतो’, पोरं शाळेत पाठवून आलेली बाई म्हणजे ‘पातो’, आणि शिक्षण संपवून पक्की नोकरी नसलेला पंचविशीतला तरुण म्हणजे ‘फुरीता’. यातल्या तिसऱ्या शब्दाचं कूळ मोठं मजेशीर आहे.

त्याचं धड जर्मन. मेइजी काळात जपाननं वैद्यकविद्या जर्मनांकडून घेतली, तेव्हा उच्च शिक्षणात जर्मन भाषा आलीच. ‘आर्बाइट’ म्हणजे जर्मनमध्ये साधं काम. विद्यार्थ्यांनी ते गमतीनं उचललं आणि अभ्यास सांभाळून केलेल्या किरकोळ कमाईला ‘आरुबाइतो’ म्हणू लागले. जर्मनांचं मुख्य काम जपानीत असं जोडधंदा झालं! पुढे तोंडातोंडी झिजून त्याचा ‘बाइतो’ उरला.

डोकं मात्र इंग्रजी. १९८० च्या दशकात येन तेजीत होता, कामं भरपूर होती, आणि एकाच कंपनीत जन्म काढायला नको म्हणणारी मुलं दिसू लागली होती. त्यांना आधी ‘फुरी आरुबाइता’, म्हणजे मोकळा कामकरी, म्हणत. अर्धवेळ कामांच्या जाहिराती छापणाऱ्या ‘फ्रॉम ए’ या मासिकानं त्याचा आटोपशीर ‘फुरीता’ रूढ केला. मासिक रिक्रूट कंपनीचं. १९८७ मध्ये कंपनीनं ‘फुरीता’ नावाचा चित्रपटही काढला. स्वप्नाच्या मागे लागलेला, कुणाचा बांधील नसलेला तरुण अशी त्यात फुरीताची छबी होती. जाहिराती विकणाऱ्याला असं गिऱ्हाईक हवंच असतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग तेजीचा फुगा फुटला आणि कामं आटली. जपानी कंपन्या एप्रिलमध्ये नव्या पदवीधरांची एकगठ्ठा भरती करतात. पदवीच्या वर्षी गाडी चुकली की पुढच्या वर्षी नवे पदवीधर रांगेत पुढे असतात. १९९२ च्या सुमारास रिक्रूटच्याच दुसऱ्या मासिकानं या काळाला नाव दिलं, ‘शूशोकु ह्योगाकी’, नोकऱ्यांचं हिमयुग. एकाच घराण्यानं वसंताचाही शब्द दिला आणि गारठ्याचाही. हळूहळू ‘फुरीता’मधला मोकळेपणा गळून गेला. लग्नाच्या बोलण्यात मुलगा फुरीता आहे म्हटलं की घरातली मंडळी गप्प होत.

सरकारनं या शब्दाची व्याख्या केली तीही वाचण्यासारखी आहे. वय १५ ते ३४, शिक्षण संपलेलं, बाई असेल तर अविवाहित, आणि कामाच्या जागी ज्याला ‘पातो’ किंवा ‘आरुबाइतो’ म्हणतात असा माणूस. म्हणजे तास किती, पगार किती हा प्रश्नच नाही. मालक काय म्हणून हाक मारतो त्यावर गणती. या मापानं २००३ मध्ये आकडा २१ लाख ७० हजारांवर गेला. पुढे तो उतरला. उतरण्याचं एक कारण साधं होतं: पस्तिसावा वाढदिवस. त्या दिवशी माणूस त्याच गल्ल्यावर उभा असतो, फक्त व्याख्येतून बाहेर पडलेला असतो.

दरम्यान ‘हाकेन’ हा शब्द पुढे सरकला. हाकेन म्हणजे एजन्सीनं दुसऱ्याकडे धाडलेला कामगार. २००४ पासून कारखान्यांतही असे कामगार ठेवायला मुभा मिळाली. २००८ च्या मंदीत त्यांना काढलं, तेव्हा अनेकांची कंपनीनं दिलेली खोलीही गेली. वर्षअखेरीला टोकियोतल्या हिबिया पार्कात त्यांच्यासाठी तंबू पडले, स्वयंपाक शिजला. सरकारी कचेऱ्या तिथून हाकेच्या अंतरावर.

आता फुरीता जुना झाला. नवी मुलं स्वतःला ‘फुरीरान्सु’ म्हणवतात. त्यांच्यासाठीचा कायदा १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला. लोक त्याला फ्रीलान्स कायदाच म्हणतात. त्याच्या अधिकृत नावात मात्र हा शब्द नाही, कामगारही नाही. तिथे आहे ‘तोकुतेई जुताकु जिग्योशा’: काम अंगावर घेणारा विशिष्ट व्यावसायिक.