हातची लिपि जाते तेव्हां

आंबेगांव तालुक्यांतील लोणीसारख्या गांवीं कुळकर्ण्याचें घर म्हणजे गांवची स्मृतीच असे. साऱ्याचा हिशेब, वांटणीपत्र, कर्जखत, सारें त्याच्या रुमालांत बांधलेलें असावयाचें. तिरपा छाटलेला बोरू, काजळाची शाई, खळ लावून घोटलेला जुन्नरी कागद आणि बोटांत मुरलेली मोडी, हीं चार साधनें जणूं एकमेकांकरितांच घडलेलीं होतीं.

मोडी ही घाईची लिपि. लिहिणारा प्रथम कागदभर आडवी रेघ ओढी आणि तिच्याखालीं शक्य तों हात न उचलतां अक्षरें लिहीत जाई. शब्द तोडावयाचे नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळावयाचा नाहीं. बाळबोधीचें वळण याच्या उलट. तिच्यांत प्रत्येक अक्षर सुटें आणि डौलदार. म्हणून पोथी बाळबोधींत आणि व्यवहार मोडींत, अशी वांटणी कित्येक पिढ्या सुखानें चालली.

ही वांटणी छापखान्यानें मोडली. मोडीचे खिळे पाडले गेले नाहींत असें नाहीं. विल्यम केरीचा मराठी कोश १८१० सालीं श्रीरामपुरास मोडी टाइपांतच छापला गेला. परंतु एकमेकांत गुंतणारीं अक्षरें सुट्या खिळ्यांत बसविणें कठीण, त्यामुळें छापील मराठी बाळबोधीकडे वळली. पुढें २५ जुलै १९१७ रोजीं मुंबई सरकारनें कारभाराकरितां मोडीऐवजीं बाळबोध स्वीकारण्याचें ठरविलें.

ज्याचा हात पंचवीस वर्षें धांवत आला, त्याला आतां अक्षरागणिक थांबावें लागलें. तरी काम अडून राहिलें नाहीं. जुन्या पिढीनें मधली वाट काढली: सरकारी कागद बाळबोधींत, घरचें पत्र आणि खासगी हिशेब मोडींत. १९४० नंतरही ही रीत टिकून होती. शाळांतूनही मोडी कांहीं दशकें शिकविली जात होती. दरम्यान बोरूची जागा टांकानें घेतली आणि गिरणीच्या स्वस्त कागदापुढें जुन्नरी कागद मागें पडला. १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनही संपलें आणि दप्तर तलाठ्याकडे गेलें.

हात नवें शिकला, पण कागद जुनेच राहिले. आजोबांच्या जमिनीची हद्द ज्या कागदांत लिहिलेली आहे, तो नातवाच्या घरीं पेटींत असतो; नातवाला तो वाचतां येत नाहीं. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां गांवोगांवच्या जुन्या दप्तरांसाठीं मोडी जाणणारीं माणसें शोधावीं लागलीं. १९१० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळानें मोडी कागद जमवून, वाचून छापण्याचें जें काम केलें, त्याचें मोल अशा वेळीं कळतें. २०१४ सालीं युनिकोडांत मोडीला जागा मिळाली, त्यामुळें ती संगणकावरही लिहितां येते.

नवी लिपि अंगवळणीं पाडण्याचे कष्ट कुळकर्ण्यानें सोसले. जुनी वाचती ठेवण्याचे कष्ट मात्र त्याच्या नातवंडांच्या वांट्याला आले आहेत.