बेकारभत्त्याची कुळकथा

काम नसलेल्या माणसाच्या हातात चार पैसे पडावेत, ही सोय आधी सरकारला सुचली नाही. ती कामगार संघटनांनी उभी केली. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कारागिरांच्या संघटना सभासदांची वर्गणी साठवत आणि बेकार झालेल्यांना त्यातून भत्ता देत. 1901 मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरानं या भत्त्यात नगरपालिकेची भर घातली. वाटप मात्र संघटनांकडेच ठेवलं. मालक यात आला तो 1911 च्या ब्रिटिश कायद्यानं. जहाजबांधणी, बांधकाम अशा ठरावीक धंद्यांत मजूर, मालक आणि सरकार या तिघांनी पैसे भरायचे, असा तो सक्तीचा विमा होता.

आपल्याकडे तेव्हा असा सामाईक फंड उभा राहिला नाही. 1953 साली कापडगिरण्यांत माल तुंबला, ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं जाण्याची, भीती पसरली आणि 24 ऑक्टोबरपासून औद्योगिक विवाद कायद्यात नवं प्रकरण आलं. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात किंवा खाणीत, वर्षभर सलग नोकरी झालेल्याला ले-ऑफच्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याची निम्मी रक्कम मिळू लागली. अट एकच मोठी : नाव मस्टरवर हवं. बदली कामगाराला भरपाई नव्हती. सगळे पैसे मालकाच्या तिजोरीतून जायचे. संघटनेच्या वाट्याला वाटप आलं नाही, फक्त भांडण आलं.

या कायद्याची मर्यादा भंडारा जिल्ह्यात दिसते. तो तेव्हा मध्य प्रदेशात होता. तुमसर भागातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी या कायद्यात बसत. पण घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई बसत नव्हती. तेंदूपान आणि तंबाखू सट्टेदार, म्हणजे मधला ठेकेदार, देणार, विड्या मोजूनही तोच घेणार, मजुरी हजारामागे. पानं आली नाहीत तर त्या दिवशी चूल कशी पेटायची, हे कुठल्याच मस्टरला विचारता येत नव्हतं. 1966 च्या विडी कायद्यानं घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानलं. कामाविना गेलेल्या दिवसाच्या निम्म्या मजुरीची तरतूद मात्र त्यात नव्हती.

मस्टरबाहेरच्या मजुराला कामाचा हक्क दिला तो महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेनं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली. 1977 चा तिचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर बसला. मालक तो पगारातून कापतो आणि सरकारकडे भरतो. म्हणजे पगारदाराच्या खिशातला पैसा शेतमजुराच्या कामाला लागला. गेंटमध्ये संघटनेनं आपल्या सभासदाला पोसलं. इथं एका कामगाराला ओळखही नसलेल्या दुसऱ्यासाठी भार उचलावा लागला.

2 फेब्रुवारी 2006 रोजी केंद्राची रोजगार हमी सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या महाराष्ट्राच्या बारा जिल्ह्यांत भंडारा होता. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत न मिळाल्यास बेकारभत्ता, पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान चौथाई, पुढे किमान निम्मा, आणि तो राज्यानं द्यायचा, असं त्या कायद्यात लिहिलं होतं. पण पंधरा दिवस मोजायचे कुठून? अर्जाच्या पावतीवरच्या तारखेपासून. पावती नाही, तर मागणीच झाली नाही.

गेंटला संघटनेची वही होती, गिरणीत मालकाचं मस्टर. भंडाऱ्यातल्या मजुराच्या बाजूनं पुरावा म्हणून उरते ती ही पावतीच. गावातल्या संघटनांनी मोर्चा जरूर काढावा. पण त्याआधी काम मागणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तारखेची पावती पडेल, एवढं बघावं.