कांटचं फिरणं आणि लोकांची घड्याळं

पीएचडी करायचं ठरवलं की कुणीतरी एक गोष्ट हमखास ऐकवतं. इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्ववेत्ता रोज ठरलेल्या वेळी एकटाच फिरायला निघायचा. वेळ इतकी ठरलेली, की शेजारचे लोक त्याला बघून आपली घड्याळं लावायचे. पुढे तात्पर्य येतं: बघा, शिस्त असावी तर अशी! गप्पाटप्पा सोडा, मित्रमंडळी बाजूला ठेवा, थीसिस आपोआप होईल.

मलाही पहिल्या वर्षी हे ऐकवलं गेलं. महिनाभर पहाटे पाचला उठलो, संध्याकाळी एकटाच चालत राहिलो, मित्रांचे फोन घेणं बंद केलं. लिखाण काही फार पुढे सरकलं नाही. दुपारी मात्र लायब्ररीत टेबलावर डोकं ठेवून छान झोप लागायची. त्या झोपेबद्दल तेव्हा फार लाज वाटायची. पुढे कांटची चरित्रं वाचली आणि ती लाज गेली. ती कशी गेली, ते आज सांगतो. सोबत, ऐकीव गोष्ट तपासायची कशी तेही बघूया, कारण संशोधनात हे काम तुम्हाला रोज करायचं आहे.

पहिला प्रश्न: ही गोष्ट सांगतंय कोण? आज आपल्याला जे चित्र माहीत आहे ते मुख्यतः हाइनरिश हायने या कवीचं. करडा कोट, हातात काठी, साडेतीनचा ठोका, झाडांच्या रस्त्यावर आठ येरझाऱ्या, पावसाची चिन्हं दिसली की मागे छत्री घेतलेला म्हातारा नोकर लाम्प. हायनेने हे 1834 मध्ये लिहिलं. कांट वारला 12 फेब्रुवारी 1804 ला. तेव्हा हायने सहा वर्षांचा होता. म्हणजे त्याने हे डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. शिवाय त्याला एक विरोध उभा करायचा होता: बाहेरून इतका साधा, घड्याळासारखा माणूस आणि आतून जग उलथवणारे विचार. त्यासाठी कांट जितका एकटा आणि यंत्रासारखा दिसेल तितकं बरं. हायनेने सगळं खोटं रचलं असं मी म्हणत नाही. पण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्याच्या हेतूने ठरवलं, एवढं लक्षात घ्या.

आता थोडं मागे जाऊ. कांट गेला त्याच वर्षी, 1804 मध्ये, त्याला जवळून ओळखणाऱ्या तिघांची चरित्रं आली: बोरोव्स्की, याखमन आणि वासिआन्स्की. यातला याखमन हा कांटचा विद्यार्थी, 1780 च्या दशकात कोनिग्सबर्गमध्येच शिकत होता. घड्याळाची गोष्ट त्याच्याकडेही आहे. पण वेगळी आहे!

याखमन सांगतो ते थोडक्यात असं. कांटचा एक जिवलग मित्र होता, जोसेफ ग्रीन, मूळचा इंग्लंडचा व्यापारी. कांट रोज दुपारी त्याच्या घरी जायचा. ग्रीन आरामखुर्चीत झोपलेला असायचा. कांट शेजारी बसायचा, विचारात पडायचा आणि त्यालाही डुलकी लागायची. मग रुफमन नावाचा बँकेचा अधिकारी यायचा, तोही तिथेच झोपायचा. शेवटी ग्रीनचा भागीदार मदरबी ठरलेल्या वेळी येऊन सगळ्यांना उठवायचा आणि सातपर्यंत गप्पा रंगायच्या. सातला बैठक इतकी नेमकी मोडायची, की रस्त्यावरचे लोक म्हणायचे, अजून सात वाजले नसणार, प्रोफेसर कांट कुठे गेलेत इथून! हे आपण स्वतः ऐकल्याचं याखमन सांगतो.

बघा, काय फरक पडला. घड्याळ तेच, माणूस तोच. पण लोक ज्याला बघून वेळ ओळखत होते, तो मित्राच्या घरून, झोप काढून, गप्पा मारून परत निघालेला माणूस होता. पुढच्या गोष्टीत रस्ता उरला, वेळ उरली. मित्र मात्र गळून पडले.

दुसरा प्रश्न: ही गोष्ट कुठल्या वयाची आहे? कांट जन्मला 1724 मध्ये आणि प्राध्यापक झाला 1770 मध्ये, म्हणजे वयाच्या 46 व्या वर्षी. त्याआधी पंधरा वर्षं तो विद्यार्थ्यांच्या फीवर गुजराण करणारा व्याख्याता होता. आजच्या भाषेत तासिका तत्त्वावर! विद्यार्थी असताना तो बिलियर्ड्स खेळायचा, चांगला खेळायचा आणि त्यातून थोडेफार पैसेही मिळवायचा. पत्ते, नाटक, मेजवान्या हे सगळं त्याच्या आयुष्यात होतं. 1758 ते 1762 या काळात शहर रशियन फौजेच्या ताब्यात होतं, तेव्हा रशियन अधिकाऱ्यांच्या बैठकीतही त्याची ऊठबस होती. वेळेची काटेकोर शिस्त आली चाळिशीनंतर आणि त्यात ग्रीनचा वाटा मोठा होता.

ग्रीन वेळेच्या बाबतीत कांटच्याही वरताण. एकदा दोघांचं सकाळी आठला बग्गीतून जायचं ठरलं. आठ वाजले, ग्रीन निघाला. वाटेत कांट समोरून येताना दिसला, दोनच मिनिटं उशीर झालेला. तो हात करत होता, पण ग्रीनने गाडी थांबवली नाही! तिथलाच लेखक हिप्पेल याने 1765 मध्ये घड्याळाबरहुकूम जगणाऱ्या माणसावर एक नाटक लिहिलं. त्या पात्रामागे ग्रीन होता असं मानलं जातं. म्हणजे मूळचा घड्याळबाज माणूस कांट नव्हताच. त्याला ही सवय मैत्रीतून लागली.

आणि त्या गप्पा म्हणजे टाइमपास होता का? 1781 मध्ये कांटचा शुद्ध बुद्धीच्या मीमांसेवरचा मोठा ग्रंथ आला. ग्रीनला आधी वाचून दाखवलं नाही आणि त्याचं मत घेतलं नाही असं एकही वाक्य त्या ग्रंथात नाही, असं कांटने याखमनला सांगितलं होतं. गुरू नुकताच गेलेला असताना लिहिणारा शिष्य जरा जास्तच सांगेल, हे धरून चला. तरी मुद्दा राहतोच. त्या ग्रंथाचा पहिला श्रोता एक व्यापारी होता आणि तो रोज भेटत होता.

1786 मध्ये ग्रीन वारला. याखमनच्या म्हणण्यानुसार त्यानंतर कांटने संध्याकाळच्या बैठकींना जाणं सोडून दिलं. तो साठी ओलांडलेला होता. एकट्याने फिरणारा कांट खराच होता, पण तो या नंतरच्या वर्षांतला. तेव्हाही दुपारचं जेवण तो एकटा जेवत नसे. पाहुणे बोलवायचा, आणि माणसं किमान तीन, जास्तीत जास्त नऊ असावीत असं त्याचं म्हणणं. जेवण तासन् तास चालायचं.

म्हणजे आपल्याला आदर्श म्हणून जे चित्र दाखवलं जातं, ते मित्र गमावलेल्या एका म्हाताऱ्या माणसाचं आहे. आणि ते पंचविशीतल्या मुलामुलींना दाखवलं जातं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी थोरामोठ्यांच्या दिनचर्येचा दाखला दिला, तर विचारा: सांगणारा तिथे होता का? हे कुठल्या वयातलं? आणि या गोष्टीतून कोण गाळलं गेलंय? हे तीन प्रश्न तुमच्या प्रबंधातल्या कुठल्याही साधनाला लावता येतील.

रोज चालायला मात्र जा. मी अजूनही जातो, आता दोघं-तिघं मिळून. परतताना टपरीवर चहा होतो आणि त्या आठवड्यात लिहिलेल्या पानावर वादही. सात वाजले की उठतो.